विश्लेषण : घरातल्या जिमची जमीन पेणच्या पावसाळ्यात टिकते का? फरशी निवडताना काय पाहायचं?

जिमच्या शुल्कावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. महिन्याला हजार रुपये मूळ शुल्क असेल, तर त्यावरचा कर १८० वरून ५० रुपये झाला. कागदावर हा दिलासा मोठा दिसतो, पण त्याला एक अट आहे. ५ टक्के कर आकारणाऱ्या जिमचालकाला यंत्रं, भाडं, दुरुस्ती यांवर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही. शिवाय ज्या सेवाव्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे, त्याला साधारणपणे जीएसटी नोंदणीच सक्तीची नाही. तालुक्याच्या गावातली एखादी छोटी व्यायामशाळा या मर्यादेत असेल आणि तिने नोंदणी केलेली नसेल, तर तिच्या शुल्कावर ना आधी कर होता, ना आता आहे.

त्यामुळे ‘जिमला जावं की घरीच व्यायामाची खोली करावी’ हा प्रश्न करकपातीनंतरही तिथेच राहिला. घरी डंबेल आणण्याची सवय अनेकांना २०२० च्या टाळेबंदीत लागली. महाराष्ट्रात तेव्हा मार्चमध्ये बंद झालेल्या जिम थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. आता पेणसारख्या गावात याला दुसरंही कारण मिळालं आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ‘तिसरी मुंबई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नव्या नगरासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं अधिसूचित झाली. मुंबईत एका खोलीत संसार केलेल्यांना इथे आणखी एक खोली परवडू शकते, आणि ती मोकळी खोली पाहिली की घरातल्या तरुण मंडळींना बेंच आणि ट्रेडमिल दिसू लागतात.

या खरेदीत जमिनीचा विचार सगळ्यात शेवटी होतो. ऑनलाइन चार मॅट मागवल्या, अंथरल्या, झालं. मग एखाद्या दिवशी डंबेल हातातून सुटतं आणि लादीला तडा जातो. किंवा ऑगस्टमध्ये खोलीत कुबट वास येतो, मॅट उचलून बघितली तर खाली काळी बुरशी. पहिलं नुकसान वरून येतं, दुसरं खालून. कोकणात दुसऱ्याचाच धोका जास्त आहे, आणि मॅट विकणाऱ्यांच्या जाहिरातीत नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

लादी नेमकी का फुटते?

२० किलोचं डंबेल एक मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण कमरेच्या उंचीवरून पडलं असं समजा. खाली येईपर्यंत त्यात जवळपास १९६ ज्यूल ऊर्जा साठते. ही ऊर्जा किती अंतरात जिरते, यावर जमिनीला बसणारा दणका ठरतो. उघड्या लादीवर डंबेल जेमतेम एक मिलिमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी जोर सुमारे २० टन वजनाइतका होतो. तेच डंबेल रबराला १० मिलिमीटर दाबत थांबलं, तर जोर २ टनांवर येतो. हे ढोबळ गणित आहे; प्रत्यक्षात डंबेलचा आकार, पडण्याचा कोन, रबराचा कडकपणा यांनी आकडे बदलतात. पण थांबण्याचं अंतर दहापट झालं की दणका दहा भागांनी कमी होतो, हे सूत्र बदलत नाही.

यातून एक गोष्ट लगेच कळते. १० मिलिमीटर जाडीची मॅट पूर्ण १० मिलिमीटर दबत नाही, ती फार तर काही मिलिमीटर दबते. म्हणजे पातळ मॅट ओरखड्यांपासून वाचवते, पडणाऱ्या वजनापासून फारशी नाही.

दुसरा भाग लादीच्या खाली आहे. विट्रिफाइड टाइल स्वतः कडक असते, पण ती खालच्या मालावर पूर्ण टेकलेली असेल तरच तिचा कडकपणा कामाचा. घाईच्या कामात मिस्त्री टाइलच्या चार कोपऱ्यांना आणि मध्ये असे मालाचे गोळे ठेवतो आणि वरून ठोकून बसवतो. गोळ्यांच्या मधल्या जागा पोकळ राहतात. रोजच्या चालण्याने काही होत नाही. बेंचच्या पायाखाली किंवा डंबेलच्या कडेखाली नेमकी तीच जागा आली की टाइल तडकते. हे तपासायला पाच रुपयांचं नाणं पुरतं. खोलीभर टाइलवर टकटक करत जायचं. भरीव जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी ढबढब येतो. पोकळ टाइलवर कितीही महाग रबर टाकलं तरी आतली पोकळी भरत नाही. ती टाइल आधी बदलून घेतलेली बरी.

जुन्या घरांत हा प्रश्न कमी आढळतो. कोबा किंवा जाड शहाबादी फरशी दिसायला साधी असते, पण तिच्याखाली बहुधा भरीव भर असते. जिमसाठी जुन्या घरातली मागची खोली निवडणाऱ्याने तिथला कोबा फोडून चकचकीत टाइल बसवण्याची घाई करू नये. रबराखाली कोबा उत्तम चालतो.

स्लॅब पेलेल का?

पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर जिम करताना घरातली मोठी माणसं हाच प्रश्न आधी विचारतात. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो वापराचा भार धरलेला आहे. १० बाय १० फुटांच्या खोलीला हा हिशोब जवळपास १,९०० किलोंचा होतो. ट्रेडमिल, बेंच, दोनशे किलो प्लेट, रबर आणि दोन माणसं मिळूनही सगळं त्याच्या बरंच आत बसतं. नीट बांधलेल्या इमारतीत घरगुती जिममुळे स्लॅब कोसळण्याची भीती अनाठायी आहे.

पण मानकातला हा भार सगळीकडे सारखा पसरलेला आणि शांत उभा असलेला धरतात. एका कोपऱ्यात रचलेल्या प्लेट आणि वारंवार आपटणारा बारबेल हा वेगळा प्रकार आहे. खुर्च्या पक्क्या न बसवलेल्या सभागृहासाठी, जिथे माणसांची गर्दी आणि हालचाल अपेक्षित असते, त्याच मानकात प्रति चौरस मीटर ५ किलोन्यूटन धरतात. राहती खोली त्या हिशोबाने बांधलेली नसते. म्हणून वजनाचा रॅक खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, शक्यतो बीमजवळ ठेवणं शहाणपणाचं. इमारत जुनी असेल, छताला सळ्या दिसत असतील किंवा पोपडे पडत असतील, तर डेडलिफ्टचा बेत करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावं.

पेणचा खरा प्रश्न : खालून येणारी ओल

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ओलीशी झगडा पेणला नवा नाही. इथल्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूची मूर्ती पावसात वाळवणं म्हणजे काय असतं, हे प्रत्येक कारागिराला ठाऊक आहे. पंखे आणि बल्ब लावूनही माती लवकर सुकत नाही. हवाच इतकी दमट असेल, तर फरशी आणि मॅट यांच्या मधली बंद फट कशी सुकणार?

ही ओल दोन वाटांनी येते आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिली वाट जमिनीतून. तळमजल्याच्या घरात जोत्याखालच्या भरावातलं पाणी काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. खाली प्लास्टिकचा कागद न घालता काँक्रीट ओतलेलं असेल, तर पावसाळाभर ती जमीन सूक्ष्म प्रमाणात ओलावा सोडत राहते. उघडी फरशी असताना तो हवेत उडून जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. तिच्यावर रबर अंथरलं की वाट बंद होते आणि ओल तिथेच साचते.

पेण तालुक्याच्या खारेपाटात याला मिठाची जोड मिळते. वडखळच्या पश्चिमेकडे खाडीलगतच्या पट्ट्यात जमिनीत क्षार आहेत. खारं पाणी काँक्रीटमधून वर येतं, पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. सांध्यांतून पांढरी भुकटी फुटते, कोब्याचा वरचा थर भुसभुशीत होतो. अशा जमिनीवर मॅट गोंदाने चिकटवली तर एकदोन पावसाळ्यांत गोंद सुटतो, कारण ज्या थराला तो धरून असतो तो थरच निघून येतो.

दुसरी वाट हवेतून. आभाळ भरून आलं आणि गार लादीवर दमट वारा लागला की लादीला घाम येतो, हे कोकणात लहान मुलालाही माहीत असतं. हा ओलावा तिसऱ्या मजल्यावरही येतो. त्याला खिडकी, पंखा आणि मॅट वरचेवर उचलणं एवढाच इलाज पुरतो. जमीन खोदायची गरज नाही.

यातली कोणती वाट आपल्या घरात आहे, हे कळायला दीड फूट बाय दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी लागते. काँक्रीटच्या चाचणीची ही जुनी पद्धत आहे. तुकडा जमिनीवर अंथरून चारही बाजू पक्क्या चिकटवायच्या आणि किमान १६ तास तसाच ठेवायचा. थेंब प्लास्टिकच्या खालच्या बाजूला जमले किंवा कोबा काळपट झाला, तर ओल जमिनीतून आहे. थेंब वरच्या बाजूला असतील, तर हवेतून. विट्रिफाइड टाइल स्वतः पाणी जवळपास शोषतच नाही, ओल तिच्या सांध्यांतून येते. त्यामुळे टाइलवर चाचणी करताना तुकडा सांध्यांवर येईल असा लावावा आणि दोनतीन दिवस ठेवावा.

चाचणी कधी करायची, हेही महत्त्वाचं. मे महिन्यात पेणमधली प्रत्येक जमीन कोरडी असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली तयार करून ‘आमच्याकडे ओल नाही’ म्हणणाऱ्यांना जुलैत उत्तर मिळतं. चाचणी पावसाने चांगला जोर धरल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये करावी आणि खरेदी त्यानंतर. सहा महिने थांबावं लागलं तरी चालेल. तोवर योगा मॅटवर व्यायाम होतो. नव्या बांधकामात तर थांबावंच लागतं. काँक्रीट साधारण महिन्याला इंचभर या वेगाने सुकतं असा ढोबळ अंदाज धरतात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तोही वेग मिळत नाही.

घर अजून बांधायचं असेल तर काम सोपं आहे. दगडी सोलिंगवरच्या काँक्रीटखाली २५० मायक्रॉनचा, दुकानदाराच्या भाषेत हजार गेजचा, पॉलिथिन कागद जोड एकमेकांवर चढवून टाकायला मिस्त्रीला सांगावं. हे पॉलिथिन ज्या मालापासून होतं, तो शेजारच्या रोहा तालुक्यात नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पातही तयार होतो. घराच्या एकूण खर्चात या कागदाची किंमत नगण्य आहे, पण घर झाल्यावर तो घालता येत नाही.

मग अंथरायचं काय?

बाजारात सगळ्यात जास्त खपतात त्या रंगीत, एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट. या ईव्हीए नावाच्या हलक्या प्लास्टिकच्या असतात. सूर्यनमस्कार, पोटाचे व्यायाम, लहान मुलांची खोली यांसाठी त्या छान आहेत. जड बेंच किंवा ट्रेडमिल ठेवली की त्यांना कायमचे खड्डे पडतात. त्याहून वाईट म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठका मारताना मऊ फोमवर घोटा डगमगतो. वजन उचलणाऱ्याने फोम घेऊ नये, इतकं सरळ आहे.

लॅमिनेट, म्हणजे लाकडासारखी दिसणारी पट्टी, आतून दाबलेल्या लाकडी भुशाची असते. ओल लागली की कडा फुगतात आणि फुगलेली पट्टी परत बसत नाही. पेणमध्ये तळमजल्यावर तिचा विचारही नको. व्हायनल पाणी सोसतं, पण खालून ओल आली तर त्याचा गोंद सुटतो. आणखी एक अडचण विक्रेता सांगत नाही. काळं रबर व्हायनलवर बराच काळ पडून राहिलं, तर रबरातली रसायनं त्यात उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पडतो. तो पुसून जात नाही. पांढऱ्या मार्बललाही असा डाग पडू शकतो. गालिचा घाम पितो आणि पावसाळ्यात वास मारतो. त्याबद्दल अधिक लिहायची गरज नाही.

उरतं ते रबर, आणि बहुतेक घरांसाठी तेच योग्य. डंबेल आणि बेंचच्या साध्या व्यायामाला ८ ते १० मिलिमीटर पुरतं. बारबेल जमिनीवरून उचलायचा असेल, तर तेवढ्या जागेत १५ ते २० मिलिमीटर लागतं. वजन मुद्दाम सोडायचं असेल, तर नुसतं रबर कमी पडतं. खाली प्लायवुडचे दोन थर आणि बारबेल जिथे पडतो तिथे जाड रबर असा चौथरा करावा लागतो. वेटलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चार मीटर बाय चार मीटरचा मंच असतो, घरात त्याच्या निम्म्या लांबी-रुंदीचाही चालतो. प्लायवुड मात्र आयएस ७१० शिक्क्याचं, मरीन दर्जाचंच घ्यावं. साधं कमर्शियल प्लाय इथल्या ओलीत सुटतं आणि वाळवीला आमंत्रण देतं.

दुकानात रबर ओळखायचं कसं? वजन करून. घट्ट दाबलेल्या रबराचा एक मीटर बाय एक मीटर, १० मिलिमीटर जाडीचा तुकडा साधारण ९ ते १० किलो भरतो. तेवढ्याच आकाराचा फोम किलोच्या आसपास असतो. ‘रबर मॅट’ या नावाखाली तीन किलोचं पार्सल आलं, तर आत काय आहे ते उघडण्याआधीच कळतं.

रबर चिकटवू नये, नुसतं अंथरावं. पेणच्या हवेत हा सल्ला जाडीपेक्षाही महत्त्वाचा आहे. भिंतीपासून इंचभर फट ठेवावी, शक्य असल्यास तळाला खाचा असलेल्या टाइल घ्याव्यात म्हणजे खालून थोडी हवा फिरते. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा दोनचार टाइल उचलून खाली बघावं. मोठ्या अखंड गुंडाळीपेक्षा सुट्या टाइल इथे सरस ठरतात. गुंडाळी सांध्यांशिवाय छान दिसते, पण एकट्या माणसाला उचलता येत नाही, आणि जी उचलता येत नाही तिच्याखाली कुणी बघत नाही.

तालमीतली माती हेच सांगत होती

महाराष्ट्राला व्यायामाच्या जमिनीचा विचार नवा नाही. कोल्हापूरच्या तालमीतला हौद म्हणजे मुद्दाम तयार केलेली जमीनच. लाल मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती तयार करतात, खोऱ्याने उकरून भुसभुशीत ठेवतात, कोरडी पडली की पाणी मारतात. आपटलेला पैलवान त्या मातीत काही इंच रुततो, म्हणून हाडं शाबूत राहतात. थांबण्याचं अंतर वाढवण्याचं तेच सूत्र. आणि ही जमीन रोज उकरली जायची, त्यामुळे खाली काय चाललंय ते रोज दिसायचं.

जमीन बदलली की खेळही बदलतो. मातीत वाढलेल्या खाशाबा जाधवांना ऑलिम्पिकसाठी गादीवरच्या कुस्तीशी जुळवून घ्यावं लागलं. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन विभाग आहेत. रायगडात कबड्डीचं हेच झालं. गावच्या मैदानात मातीवर खेळणाऱ्या पोराला मोठ्या स्पर्धेत मॅटवर पाय वेगळा टाकावा लागतो. घरच्या जिमच्या बाबतीत हा मुद्दा छोटा वाटेल, पण मऊ फोमवर महिनाभर बैठका मारून नंतर व्यावसायिक जिममधल्या कडक जमिनीवर गेलेल्याला फरक लगेच जाणवतो.

खालच्या मजल्यावरच्यांचं काय?

सोसायटीत जिमवरून भांडण होतं ते बहुधा आवाजावरून. इथे एक गैरसमज आहे. मॅट टाकली की आवाज बंद होतो, असं विकणारा सांगतो. मॅट वरचा ‘टण्ण’ आवाज घालवते. स्लॅबमधून खाली जाणारा ‘धप्प’ मात्र हवेतून नाही, काँक्रीटमधून जातो आणि १० मिलिमीटर रबर त्याला फारसं अडवत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती परिसरातल्या आवाजाची आहे. छतातून येणाऱ्या धपक्याचं भांडण डेसिबलपेक्षा जिन्यातच मिटतं. पहाटे पाचला वजन जमिनीवर न टेकवता करायचे व्यायाम, आणि डेडलिफ्ट संध्याकाळी, असा बदल कुठल्याही मॅटपेक्षा स्वस्त आहे. ट्रेडमिलच्या चार पायांखाली जाड रबराचे वेगळे तुकडे ठेवले, तर गुरगुर कमी होते.

हे रबर येतं कुठून?

काळ्या टाइलमधलं बरंचसं रबर म्हणजे जुन्या टायरचा चुरा. केंद्र सरकारने २१ जुलै २०२२ ला टाकाऊ टायरसाठी विस्तारित उत्पादक जबाबदारीचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना ठरलेल्या प्रमाणात जुन्या टायरच्या पुनर्वापराची प्रमाणपत्रं मिळवावी लागतात, आणि रबराचा चुरा हा त्यात मान्य असलेल्या उत्पादनांपैकी एक आहे. टायर जाळण्यापेक्षा तो पायाखाली आलेला चांगलाच.

त्याची दुसरी बाजू वासाची. नव्या टाइलला गंधकाचा उग्र वास येतो आणि बंद खोलीत तो आठवडे टिकतो. युरोपीय संघाने २०२२ पासून कृत्रिम मैदानांत वापरायच्या रबरी चुऱ्यातल्या काही घातक रसायनांवर किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. तो नियम सुट्या चुऱ्याचा आहे, दाबून घट्ट केलेल्या टाइलचा नाही. तरीही ज्या टाइलवर बोट घासलं की काळे कण सुटतात, ती घेऊ नये. नव्या टाइल पडवीत किंवा गॅलरीत सावलीत पसरून आठदहा दिवस वारा खाऊ द्याव्यात. कडक उन्हात नकोत, उन्हाने रबर भेगाळतं.

पुसण्याची पद्धतही बदलावी लागते. रॉकेल किंवा तेलकट द्रव रबराला फुगवतो. अंगाला तेल लावून व्यायाम करणाऱ्याने वर सतरंजी टाकावी. सौम्य साबणाचं पाणी, घट्ट पिळलेलं फडकं आणि नंतर पंखा एवढं पुरतं.

राहिला पुराचा प्रश्न. पेणमध्ये भोगावती आणि रोह्यात कुंडलिका जोराच्या पावसात चढते, तेव्हा सखल भागातल्या तळमजल्यांना धोका असतो. सुटं अंथरलेलं रबर भिजलं तरी धुऊन, वाळवून परत वापरता येतं. चिकटवलेलं व्हायनल आणि लॅमिनेट फेकावंच लागतं. अशा घरात ट्रेडमिलची मोटर आणि बारबेलचे बेअरिंग जमिनीपासून उंच ठेवण्याची सोय आधी करावी, टाइलचा रंग नंतर निवडावा.